पहिली कयाक कोणती घ्यावी? आधी जिना मोजा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या वारज्यात राहणारं जोडपं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली एक हॅचबॅक. नवऱ्याचं वजन ८४ किलो, उंची पाच फूट नऊ इंच. बायकोचं ५८ किलो, पाच फूट दोन. पवना धरणाच्या काठावरच्या एका कॅम्पवर दोघांनी डबल कयाक, म्हणजे दोघांनी वल्हवायची अरुंद होडी, चालवली आणि ती आवडली. आता रविवारी सकाळी पानशेत किंवा पवनेला जायला स्वतःची हवी आहे. मनात भरलीय ती दोघांची, हवेने फुगवायची, ऑनलाइन मिळणारी. ती घ्यावी का?

माझं मत: दोघांची घेऊ नका. फुगवायची की कडक, हे मात्र तुमचा जिना ठरवेल.

आधी डबलचं बोलू, कारण कॅम्पवरच्या अनुभवावरून बहुतेकांचा समज तिथेच चुकतो. कॅम्पवाला कयाक घेतो ती दिवसभर खडीवर ओढली जाईल आणि पोहता न येणारा पाहुणाही तिच्यातून सहसा पडणार नाही, या हिशेबाने. त्यामुळे ती जाड, रुंद आणि जड असते. वजन तीस किलोच्या आसपास, कधी वर. तुम्ही आलात तेव्हा ती पाण्यात ढकलून द्यायला दोन पोरं होती. वारज्याच्या पार्किंगमध्ये ती पोरं नसणार. दुसरं म्हणजे डबलमध्ये मागच्याने पुढच्याच्या तालावर वल्हवावं लागतं, नाहीतर वल्ह्यांची खडाखडी होते आणि अर्ध्या तासात संसारातले जुने विषय निघतात. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या जोडप्यांना मी पहिल्या दिवशी वेगवेगळ्या कयाकमध्ये बसवते ते उगीच नाही. तिसरी अडचण सगळ्यात मोठी आहे. एखाद्या रविवारी बायकोला जमलं नाही, तर डबल एकट्याने चालवावी लागते. मागच्या सीटवर बसलात की पुढचं टोक वर उचललं जातं आणि जरा वारा आला की ते वाऱ्याबरोबर फिरतं. मग कयाक महिनोन्महिने पडून राहते. एकच घ्यायची तर सिंगल घ्या, तुम्हा दोघांत आळीपाळीने चालवा, आणि सहा महिन्यांनी हौस टिकली असेल तर दुसरी घ्या. तोवर दुसरी कशी हवी तेही तुम्हाला कळलेलं असेल.

आता जिना. हार्डवेअरच्या दुकानात पीव्हीसी पाइप दहा फुटी मिळतो. तो आडवा धरून तळमजल्यापासून तुमच्या दारापर्यंत नेऊन बघा. शांत पाण्यासाठी बनलेली साधी कयाक नऊ ते बारा फूट लांब आणि सव्वादोन ते पावणेतीन फूट रुंद असते. पाइप वाकतो, कयाक वाकत नाही, आणि तिला रुंदीही आहे. जुन्या सोसायट्यांच्या जिन्याच्या वळणावर पाइपच अडकत असेल तर कडक कयाक घरात येणार नाही, हे विकत घेण्याआधीच कळलं. मग उरतं पार्किंग. भिंतीला दोन रुंद पट्टे लावून कुशीवर टांगायला दहा-अकरा फूट भिंत लागते, आणि सेक्रेटरींची परवानगी लागते. परवानगी तोंडी घेऊ नका. पुढच्या वार्षिक सभेत कोणीतरी विचारणारच.

भिंत मिळाली तर कडक घ्या. नाही मिळाली तर फुगवायची घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. गच्चीवर ठेवायचा विचार मात्र सोडा. बहुतेक कडक कयाक पॉलिथिलीनच्या असतात. साच्यात प्लास्टिकची भुकटी घालून, साचा तापवत फिरवून त्या घडवतात. तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी याच रीतीने बनते. हे प्लास्टिक दगडाला दाद देत नाही, पण पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात मऊ पडतं. तेव्हा ती तळावर टेकवून ठेवली किंवा करकचून बांधली, तर तळाला कायमचा पोचा येतो. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की प्लास्टिक ठिसूळ होतं ते वेगळंच.

वजनाचं महत्त्व तुम्हाला ऑक्टोबरात कळणार नाही. पावसाळ्यानंतर धरणं भरलेली असतात, पाणी जवळजवळ रस्त्याला लागलेलं असतं, गाडीतून काढली की टाकली पाण्यात. मे महिन्यात तीच पवना बघा. बुडालेलं वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं, आणि पाण्यापर्यंत पोचायला भेगाळलेल्या गाळावरून दोन-तीनशे मीटर चालावं लागतं. शेवटची वीस पावलं तर घोटाभर चिखल. चाकांची ट्रॉली तिथे रुतते. मागचं टोक ओढत नेलं तर तळ झिजतो. म्हणून दोघांनी दोन टोकं धरून सहज उचलता येईल आणि गरज पडली तर एकट्याला खांद्यावर घेता येईल, एवढंच वजन हवं. वीस-बावीस किलोपर्यंत ठीक. पंचवीसच्या वर गेलात तर उन्हाळ्यात बाहेर पडणं बंद होईल. दुकानात कयाक उचलून बघायला लाजू नका. सीटवर बसून बघतात सगळे, उचलून कोणी बघत नाही.

मग प्रश्न येतो आत बसायची की वर बसायची. आत बसायच्या कयाकला खड्डा असतो, पाय आत जातात, कमरेखाली वारा लागत नाही. थंड देशांत तिला मोल आहे. आपल्याकडे डिसेंबरातल्या धुक्याच्या सकाळी हुडहुडी भरते खरी, पण ती तासाभरात सूर्य वर आला की जाते. त्यासाठी मी नवख्याला आत बसायची कयाक सुचवत नाही. कारण उलटल्यावर काय होतं ते पाहा. हौशी वापराच्या या कयाकचं तोंड मोठं असतं, आत पाणी अडवणाऱ्या भिंती नसतात किंवा एकच असते. उलटली की शंभर-दीडशे लिटर पाणी सहज आत जातं. म्हणजे तेवढेच किलो. तलावाच्या मध्यावर, पोहता पोहता, ती रिकामी करणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. काठापर्यंत ओढत न्यावी लागते.

वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप, बंद डब्यासारखी असते. बसायच्या जागेतून तळापर्यंत आरपार भोकं असतात, आलेलं पाणी त्यातून उतरून जातं. उलटली तर सरळ करायची आणि परत चढायचं. पण हे चढणं आधी शिकलेलं हवं. मी ते असं शिकवते. कयाकच्या मधोमध, सीटच्या बाजूला या. दोन्ही हातांनी पलीकडची कड धरा. जवळची धरलीत तर ती तुमच्याच अंगावर उलटेल. पाय मागे पाण्याच्या वर आणून जोरात मारा, अंग आडवं झालं पाहिजे. पाय कयाकखाली गेले की ताकद कितीही असो, वर येता येत नाही. पाय मारत मारत छाती वर ओढा आणि पोट सीटवर येईपर्यंत थांबू नका. आता दम घ्या, इथे कयाक स्थिर असते. मग कुशीवर वळून बूड सीटमध्ये टाका, पाय अजून बाहेरच. शेवटी पाय आत. पोट, बूड, पाय, हाच क्रम. बहुतेकजण गुडघा आधी टेकवतात आणि दुसऱ्या बाजूला पडतात. पहिल्याच दिवशी, काठाजवळ छातीभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून दोघांनी हे करा, आणि दमल्यावर पुन्हा एकदा करा. बायकोला जी कयाक चढायला जमली नाही, ती दुकानात कितीही आवडली असली तरी घेऊ नका. इथे रुंदीपेक्षा कडेची उंची नडते. उंच कडेवर छाती ओढून घेणं बुटक्या माणसाला जड जातं.

वजन पेलण्याच्या आकड्याकडे जरा संशयाने बघा. कंपनी जो आकडा देते, तो कयाक तरंगायची मर्यादा सांगतो, नीट चालायची नाही. त्याच्या सुमारे सत्तर टक्क्यांत राहायचं, हा माझा हिशेब. तुमचे ८४ किलो, वर जॅकेट, पाणी, डबा, कॅमेरा, पाणी न शिरणारी पिशवी मिळून सहा. झाले नव्वद. म्हणजे छापील आकडा १२८ च्या आसपास किंवा जास्त हवा. इंटेक्स कंपनीची फुगवायची चॅलेंजर के-१ लोक खूप बघतात, तिची मर्यादा १०० किलो आहे. तुमच्या बायकोला ती पुरते, तुम्हाला नाही. त्यांचीच डबल, एक्सप्लोरर के-२, १८० किलोची. तुम्हा दोघांचं वजन १४२, सामान धरून दीडशे. कागदावर बसतंय, सत्तर टक्क्यांत बसत नाही. अशा भरलेल्या कयाकमध्ये सीट ओल्या राहतात आणि ती वळायचं नाव घेत नाही.

लांबी तुम्ही दहा ते साडेदहा फूट धरा, रुंदी अठ्ठावीस ते तीस इंच. दहा फुटांपेक्षा आखूड कयाक दर वल्ह्यागणिक नाक इकडेतिकडे हलवते, सरळ रेषेत जायला कष्ट पडतात. बत्तीस इंचांच्या वर गेलात तर डुलणं कमी होतं, पण वल्हं पाण्यापर्यंत पोचवायला हात लांबवावा लागतो आणि बोटं कडेला घासतात. तळ सपाट असला की बसताक्षणी भक्कम वाटतं. किंचित व्ही आकाराचा तळ सुरुवातीला डुगडुगतो, मग एका बाजूला कलला की तिथे टेकल्यासारखा थांबतो. दोन रविवारी सवय होते. घेण्याआधी पाण्यावर बसायला मिळालं तर दहा दमदार वल्ही मारा आणि वल्हं मांडीवर ठेवून द्या. कयाक काही अंतर सरळ जाऊन मग हळूच वळली तर चांगली. लगेच गर्रकन फिरली तर मागे तळाला छोटी उभी पाती, म्हणजे स्केग, लावायची सोय आहे का विचारा. सुकाणूवर पैसे घालू नका, शांत पाण्यात त्याची गरज नाही. पायाच्या टेकूकडे मात्र लक्ष द्या. साच्यातच कोरलेल्या खाचा असतात, त्या तुमच्या पाच फूट नऊला आणि बायकोच्या पाच फूट दोनला दोन्ही बसतात का, गुडघे किंचित वाकलेले राहतात का, हे पाहा. एक कयाक दोघांत वापरायची तर सरकणारे टेकू बरे.

फुगवायची घ्यावी लागली तर एकच गोष्ट धरून बसा, तळ ड्रॉप-स्टिचचा हवा. त्यात वरच्या आणि खालच्या कापडाच्या मध्ये हजारो धागे शिवलेले असतात, त्यामुळे हवा भरल्यावर तो फुगत नाही, फळीसारखा सपाट आणि कडक होतो. साध्या फुगवलेल्या तळावर बूड खोल जातं, कयाक मध्ये वाकते, आणि अर्धी मेहनत त्या वाकण्यातच जाते. डेकॅथलॉनच्या फुगवायच्या कयाकमध्ये दोन्ही प्रकार आहेत, पाटी नीट वाचून घ्या. ड्रॉप-स्टिच तळात हवेचा दाब बाजूच्या नळ्यांपेक्षा बराच जास्त लागतो, तेव्हा दाबमापक असलेला पंप घ्या आणि प्रत्येक कप्प्यावर छापलेला आकडा पाळा. सकाळी काठावर भरलेली हवा थंड पाण्यात उतरल्यावर जरा आकसते, थोडी वाढवावी लागते. उलट चहा प्यायला थांबलात आणि कयाक उन्हात राहिली तर हवा प्रसरण पावते. तेव्हा काठावर काढली की थोडी हवा सोडायची, नाहीतर शिवण उघडते.

आणि बाभळी. पवना काय, पानशेत काय, भाटघर काय, काठाला बाभळीच्या फांद्या पडलेल्या असतात, आणि गुरं राखणाऱ्यांनी कुंपणाला ओढून ठेवलेल्याही असतात. उतरायची जागा आधी पायाने तपासा, खाली जुनी ताडपत्री अंथरून तिच्यावर कयाक फुगवा. ठिगळाचं सामान घरी नाही, पिशवीत ठेवा. घरी आल्यावर बाल्कनीत पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घालू नका. तळाच्या आणि नळ्यांच्या सांध्यातलं पाणी जुन्या टॉवेलने टिपावं लागतं. तिथेच बुरशी धरते आणि तो वास जात नाही.

लोक कयाकवर दोन महिने अभ्यास करतात आणि वल्हं फुकट मिळेल ते घेतात. मिनिटाला चाळीस वेळा वल्हं मारलं तरी तासाला चोवीसशे वेळा होतं. वल्हं दोनशे ग्रॅमने जड असेल तर तासाभरात तुम्ही ४८० किलो जास्तीचं उचललं. सोमवारी खांदा तेच सांगतो. फायबरग्लासच्या दांड्याचं, किलोच्या आतलं वल्हं परवडलं तर घ्या, कयाक जरा स्वस्तातली चालेल. तीस इंची कयाकला तुमच्या उंचीला २३० सेंटिमीटर, बायकोला २२०. दोघांत एकच घ्यायचं तर लांबी कमीजास्त होणारं मिळतं.

लाइफ जॅकेटबद्दल थोडक्यात. फोमचं घ्या, आपल्या मापाचं. सगळे पट्टे आवळून दुसऱ्याने खांद्यांना धरून वर ओढायचं. जॅकेट हनुवटीपर्यंत चढलं तर ते मापाचं नाही. पाठीमागचा फोम वर असलेलं घेतलंत तर सीटच्या पाठीला अडत नाही. शिट्टी खिशात नको, जॅकेटला बांधलेली हवी. पोहता येतं म्हणून जॅकेट सीटमागे ठेवणाऱ्यांना मी बरोबर नेत नाही.

हॅचबॅकवर नेणं सोपं आहे. चार मीटरच्या आतल्या गाडीच्या टपावर साडेदहा फुटी कयाक पुढे-मागे बाहेर येत नाही. दारांच्या चौकटीत अडकवायचे बार किंवा फोमच्या गाद्या मिळतात. टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, बार धरून तेवढं भरतं का पाहा. बांधायला साध्या क्लिपचे पट्टे वापरा. रॅचेटचे, म्हणजे खटका मारत आवळायचे, पट्टे माणूस हौसेने आवळत जातो आणि कयाकला पोचे पाडतो. पट्ट्याला बांधताना एक पीळ द्या, नाहीतर सिंहगड रोड सोडेपर्यंत तो डोक्यावर भुंग्यासारखा घरघरतो. पुढच्या टोकाला एक दोरी बॉनेटखालच्या हुकाला हवीच.

जुनी मिळाली तर हरकत नाही, पॉलिथिलीन लवकर मरत नाही. कॅम्प बंद होताना विकायला निघतात त्यांत चांगल्या सापडतात. तळाचं मागचं टोक बघा, ओढून ओढून तिथे घासते. आरपार भोकांच्या कडा नखाने चाचपा, बारीक भेगा तिथूनच सुरू होतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. मग निचऱ्याचं बूच काढून दोन-तीन बादल्या पाणी आत ओता, बूच लावा, कयाक दोन स्टुलांवर ठेवून खालून कोरडा हात फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. थेंब आला की भाव पाडा किंवा परत या. एम-सील किंवा फायबरचं ठिगळ लावलेलं दिसलं तर घेऊच नका. पॉलिथिलीनला ते धरत नाही, तिथे त्याच जातीच्या प्लास्टिकची तापवून वेल्डिंग लागते.

पाण्यात उतरण्याआधी एक चौकशी लागते. ही जलाशयं जलसंपदा विभागाची आहेत, मुळशीचं टाटा पॉवरचं, आणि खडकवासल्याच्या साखळीचं व पवनेचं पाणी शहरं पितात. जवळच्या शाखा कार्यालयात विचारा, किंवा परवानगी घेऊन बोटी चालवणाऱ्याच्या काठावरून उतरा. खडकवासल्याच्या उत्तर काठावर एनडीए, म्हणजे लष्करी प्रशिक्षणाची प्रबोधिनी, आहे, तिकडे फिरकायचंच नाही. शेतातून वाट असेल तर मालकाला विचारून जा, गाडी त्याच्या बांधावर लावू नका. कोळ्यांची जाळी रात्रभर पाण्यात असतात, सकाळी उचलतात. थर्माकोलचे तुकडे किंवा पाण्याच्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की लांबून वळसा घाला. स्केग त्यात अडकला की तुमचा खोळंबा आणि त्यांचं नुकसान.

शांत तलाव हा सकाळचा असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, उजाडताना उतरा आणि दहा-साडेदहाला काठावर या. मार्चपासून दुपारनंतर वारा धरतो, आणि मोकळं पाणी जितकं लांब तितक्या लाटा मोठ्या. मे महिन्यात वळवाचे ढग दिसले की बाहेर पडूच नका. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीकडे येणारी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती इंजिनाची बोट होती. पावसाळ्यात दरवाजे उघडतात तेव्हा भिंतीच्या आणि सांडव्याच्या बाजूला जायचं नाही, एरवीही लांबच राहा. रोजच्या वाऱ्यासाठी एवढं पाळा: निघताना वारा तोंडावर घ्या, काठ डाव्या किंवा उजव्या हाताला पन्नास-शंभर मीटरवर ठेवा, आणि दमायच्या आत वळा. परतीला तोच वारा पाठीशी येतो.

पैशांची वाटणी करताना जॅकेट दोन्ही आत्ताच घ्या आणि वल्हं त्यानंतर. उरेल त्यात सिंगल. येत्या शनिवारी पाइप आणून जिन्यात फिरवून बघा, कुठे अडकला ते कळवा. वळणावर निघाला तर कोणती मॉडेलं बघायची ते बोलू. भिंतीचं काय ठरलं तेही सांगा.